पेन्सिलीनं वाचलेल्या आठ ओळी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



'शाळेनं मला काय दिलं' यावर पाच मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलंय. पाच मिनिटांत एक ऑफ तास मावेल, तेवढाच सांगते.

आपण पुस्तकं अर्ध्या किमतीत घ्यायचो, आठवतंय ना? माझं नववीचं मराठीचं पुस्तक तसंच आलं होतं. आधीच्या मालकिणीनं प्रत्येक कवितेच्या समासात गाइडमधले अर्थ शाईनं लिहून ठेवले होते. मला आनंदच झाला, आयतं काम! बाईंनी ते पाहिलं, पण काही बोलल्या नाहीत. पुढच्या ऑफ तासाला त्यांनी आपल्या पुस्तकात नसलेली एक कविता फळ्यावर लिहिली. बालकवींची 'औदुंबर'. आठच ओळी.

वहीत उतरवताना प्रत्येक ओळीखाली दोन ओळी मोकळ्या सोडायच्या. दोनदा मोठ्यानं वाचून झाल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही. आणि अर्थ लिहायचा नाही. जे दिसतं त्यावर खूण, जिथं अडतं तिथं प्रश्नचिन्ह.

मी दोन मिनिटांत खाली 'निसर्गवर्णन' लिहून मोकळी झाले. बाईंनी त्यावर काट मारली नाही. 'रंग मोज,' एवढंच म्हणाल्या.

मोजले. हिरवा तीनदा, मध्ये निळसर, एकदा पांढरा, मग काळा आणि पुन्हा काळाच. शेवटच्या ओळीत रंगच नाही. मग क्रियापदांभोवती गोल केले. झरा वाहतो, पायवाटही चालते, आणि शेवटी एकजण नुसता बसलेला. कवितेचं नाव झाडाचं, पण झाड येतं ते अगदी शेवटचा शब्द म्हणून. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, 'बाई, गावात घरं आहेत, मळे आहेत, मग माणसं कुठं आहेत?' (तो कोण होता ते कुणाला आठवत असेल तर सांगा, मला त्याचे आभार मानायचेत.) वर्ग गप्प झाला. खरंच, सगळ्या कवितेत माणूस नाही. पाय आहेत ते फक्त झाडाला.

दोन प्रश्नचिन्हं मात्र तशीच राहिली. काळिम्याला 'गोड' का म्हटलंय? आणि झाडाआधीचा तो 'असला', म्हणजे 'अशा तऱ्हेचा' की 'बसलेला असेल' असा अंदाज? बाईंनी उत्तर दिलं नाही. बालकवी १८९० साली जन्मले आणि १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली सापडून गेले, अठ्ठावीस वर्षंही पुरी झाली नव्हती, हे त्यांनी तास संपताना सांगितलं. तेही पानाच्या तळाशी लिहायला लावलं. समासात नको म्हणाल्या. ते आधी कळलं असतं तर प्रत्येक ओळीत आम्हाला मृत्यूच दिसला असता.

आता दिवसभर मी दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचते. त्यात 'इथे एक मिळवला' अशा कॉमेंट सापडतात. अहो, ते दिसतंच आहे! का मिळवला ते सांगा. अशा वेळी मला ते अर्ध्या किमतीचं पुस्तक आठवतं.

पण वही पुन्हा उघडली ती वेगळ्याच कारणानं. बाबा गेले त्यानंतर आईकडे कपाट आवरताना ती मिळाली. आठ ओळी पाठ होत्या, तरी नियमाप्रमाणे दोनदा मोठ्यानं वाचल्या. चौदाव्या वर्षी मी रंग मोजले होते, पण ती पायवाट कुठं जाते त्यावर खूणच केली नव्हती. हिरव्यातून निघून ती काळ्या पाण्याकडे जाते. त्या दिवशी खूण केली, निळ्या पेन्सिलीनं. 'गोड'पाशी मात्र थांबले आणि समासात लिहिलं, 'नाही.' कवीशी इतकं सरळ मी कधी भांडले नव्हते. खाली तारीख घातली.

वर्षभरानं पुन्हा वाचलं तेव्हा तो 'नाही' खोडावासा वाटला. खोडला नाही, शेजारी नवी तारीख घालून दुसरं प्रश्नचिन्ह काढलं. बाबा शेवटचे काही दिवस खिडकीपाशी खुर्चीत पाय लांब करून बसत, काही न मागता. त्यांच्या त्या बसण्याकडे मी तेव्हा फक्त आजारपण म्हणून पाहिलं. एवढंच त्या प्रश्नचिन्हाखाली लिहिलंय. कवितेचा अर्थ म्हणून नाही, मला दिसलं म्हणून.

मुलीला ही वही दाखवली नाही. तिला आठ ओळी कोऱ्या कागदावर उतरवून दिल्या, मध्ये जागा सोडून. तिनं पहिली खूण झऱ्यावर केली, जिथं मी कधीच थांबले नव्हते.

बाई, वही आज आणली आहे. जेवणाच्या वेळी तुमच्याच पंगतीला बसते. तो 'असला' अजून सुटलेला नाही.