उन्हाळी लागणे आणि घरोघरचे मौन
(ज्ञातिमंडळाच्या कोलशेत येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात बोलावयाचे ते शिक्षणावर, हुंड्यावर किंवा व्यसनांवर, असा आपल्याकडे पायंडा आहे. आज आम्ही घेतलेला विषय मात्र सभामंडपात सहसा उच्चारला जात नाही. लघवीला आग होणे, घडोघडी जावेसे वाटणे, ओटीपोटात दुखणे, यास आपल्या आयाबाया ‘उन्हाळी लागली’ असे म्हणतात. धन्याजिऱ्याचे पाणी घ्यावयाचे, गप्प बसावयाचे, आणि दोन महिन्यांनी पुन्हा तेच सोसावयाचे, हा क्रम घरोघरी चालू आहे. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर आहोत. परंतु जाणत्यांनी शोधून काढलेले सोप्या भाषेत सांगणे हे मास्तराचेच काम होय.

या मौनाची किंमत किती? गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व तिचा वृत्तान्त १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरांपैकी ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तशी तपासणी झालेल्या शंभरांत अवघ्या ८ होत्या. तो अभ्यास उन्हाळीचा नव्हता; पण मौन तेच.

आता रोगाचे कारण पाहू. बहुधा ‘ई. कोलाय’ नावाचा जंतू या दुखण्यास कारण होतो. तो आपणा सर्वांच्याच आतड्यांत राहतो. तेथे तो सहसा उपद्रव देत नाही, मूत्राशयात शिरला म्हणजे देतो. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा अवघा ४ सेंटिमीटर. म्हणून निम्म्या स्त्रियांना तरी आयुष्यात एकदा हा त्रास होतो. यात अस्वच्छतेचा वा चारित्र्याचा प्रश्न नाही. नव्या सुनेला हा त्रास झाला म्हणजे कुजबुज करणाऱ्यांनी हे ध्यानी धरावे: पतिपत्नीच्या संबंधाने जंतू आत ढकलले जातात, इतकाच त्याचा अर्थ.

शरीर काही स्वस्थ बसत नाही. लघवीच्या धारेबरोबर जंतू धुऊन जातात, हा पहिला पहारा. मूत्रपिंडात तयार होणारे एक प्रथिन जंतूंना गुंतवून बाहेर नेते, हा दुसरा. तरीही जंतू चिकटलेच, तर रक्तातील पांढऱ्या पेशी धावून येतात. होणारा दाह हा पुष्कळसा या लढाईचाच असतो.

मग रोग परतून का येतो? सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २००३ साली उंदरांत असे दाखविले की, काही जंतू मूत्राशयाच्या अस्तरातील पेशींच्या आत शिरून तेथे गढी करून राहतात. २००७ साली रुग्ण स्त्रियांच्या लघवीतही अशा गढ्यांच्या खुणा सापडल्या. पुढे २०२० साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांना उंदरांतच आणखी एक गोष्ट दिसली. वारंवार लागण झालेले मूत्राशय जंतूंचा निःपात करण्यापेक्षा फाटलेले अस्तर सांधण्यातच आपली प्रतिकारशक्ती अधिक खर्च करते. खाडीकाठच्या आपणांस हे समजावयास कठीण नाही. खारबांध फुटला म्हणजे सारा गाव बांध घालावयास धावतो. बांध उभा राहतो, पण आत शिरलेले खारे पाणी शेतातच राहते. उतारवयात आणखी एक भर पडते. पाळी गेल्यावर स्त्रीरस कमी होतो, त्याबरोबर योनिमार्गातील दह्याच्या कुळातले रक्षक जंतूही कमी होतात, आणि शत्रूस वाट मोकळी होते. यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने तेथेच लावावयाचे औषध आहे, हे आमच्या वयाच्या भगिनींना सांगणारे कोणी नसते.

आता करावे काय? सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा त्रास झाला, तर तो वारंवार होणारा रोग समजावा आणि औषधापूर्वी लघवीचे कल्चर करून घ्यावे. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत, आपल्या अर्ध्यावर सोडू नयेत. अशानेच जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रक्तातील साखर तपासावी. थंडी वाजून ताप व कंबरेच्या वर पाठीत दुखणे ही मूत्रपिंडापर्यंत रोग गेल्याची चिन्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. गरोदर स्त्रीने तर यत्किंचितही विलंब करू नये.

पाण्याचे महत्त्व तर सिद्धच झाले आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, असा त्रास वारंवार होणाऱ्या व कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. (हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र आधी विचारावे.)

परंतु पाणी प्यावे म्हणणे सोपे आहे. पहाटे मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी आपली भगिनी पाणी पीत नाही, कारण प्यायल्यावर जावे कोठे? ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ साली स्त्रियांसाठी रस्त्यांवर स्वच्छतागृहे उभारण्यासंबंधी महापालिकांना आदेश दिले. न्यायालयाने मानलेली ही गरज आपण आपल्या घरात, लग्नमंडपात, जत्रेत मानतो काय? शंभर पाने उठविणाऱ्या आपल्या लग्नांत बायकांसाठी आडोशाची स्वच्छ जागा किती ठिकाणी असते?

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना आहे. पुढील वर्षापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यात ही सोय आधी व्हावी, मांडव मागून घालावा. आणि महिला शाखेने वर्षातून एकदा स्त्री-डॉक्टरांस बोलावून भगिनींना मोकळेपणाने विचारू द्यावे. पुरुषांनी एवढेच करावे: घरातील बाई ‘आग होते’ म्हणाली, तर ऐकून घ्यावे आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जावे.