भिंतीवरचा गॅस गिझर घेताना

आपल्या वर्ध्याचं नाव उन्हाळ्यासाठी गाजतं, पण डिसेंबर-जानेवारीत इथला पारा दहाच्या आसपास उतरतो आणि पहाटेचं टाकीतलं पाणी अंगावर घेववत नाही. पूर्वी परसात चूल पेटायची, तिच्यावर गंजात किंवा बंबात पाणी तापायचं. आता नवीन घर बांधलं की न्हाणीघराच्या भिंतीवर गॅसचा गिझर हवा असतो. नळ सोडला की पाणी गरम, वीज गेली तरी अडत नाही.

पिपरी मेघेत आम्ही घर बांधायला काढलं, तेव्हा सूनबाई म्हणाली, "आई, गॅसचाच गिझर घेऊ. सगळ्यांना एकामागून एक आंघोळ करता येईल." तिचं म्हणणं बरोबर होतं. तरीही मी लगेच हो म्हटलं नाही. त्याला कारण होतं.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत मी बहिणीकडे गेले होते. घर नवं, न्हाणीघर लहान, दार अगदी घट्ट बसणारं आणि खिडकीला कायमची बसवलेली काच. आत भिंतीवर गॅस गिझर. तिघांच्या आंघोळी झाल्या, मग भाचा गेला. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला, पण हाकेला ओ येईना. शेवटी दार तोडलं. तो फरशीवर बेशुद्ध पडला होता. उपाशीपोटी चक्कर आली असेल, असं आम्हाला वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "न्हाणीत गॅसचा गिझर आहे का?" प्राणवायू दिल्यावर पोरगा वाचला. पण मला आजही लाज वाटते ती एका गोष्टीची. मी शाळेत कितीतरी वर्षं विज्ञान शिकवलं. पेटत्या मेणबत्तीवर पेला पालथा घालून ज्योत कशी विझते, ते मुलांना दाखवलं. आणि त्याच न्हाणीत त्या सकाळी मीही आंघोळ करून आले होते!

घडतं काय, ते साध्या हिशेबाने सांगते. एक बादली पाणी तापवायला साधारण पन्नास ग्रॅम गॅस लागतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे सहाशे लिटर हवा लागते. चार फूट बाय सहा फुटांच्या न्हाणीत एकूण हवा सहा हजार लिटरच्या जवळपास. म्हणजे दार-खिडकी बंद असेल, तर एकेका बादलीला त्या हवेचा दहावा हिस्सा वापरला जातो. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. आपल्या रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. डोकं दुखतं, मळमळतं, पाय लुळे पडतात. कडी काढायची म्हटलं तरी हात उचलत नाही.

सिलिंडर गळला तर वास येतो, कारण तो वास कंपनीने मुद्दाम मिसळलेला असतो. या विषारी वायूला मात्र रंगही नाही आणि वासही नाही. जुन्या चुलीचा धूर डोळ्यांतून पाणी काढायचा, पण निदान सावध तरी करायचा.

धुरावरचा उपाय शोधायला आपल्याला लांब जायला नको. जमनालालजी बजाजांनी दिलेल्या जागेवर वर्ध्यात मगनवाडी उभी राहिली. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम कुमारप्पांनी तिथूनच चालवलं. मगन चूल या नावाची सुधारित चूल याच कामातून पुढे आली. तिचं मर्म धुराड्यात होतं. जाळ घरात, पण धूर घराबाहेर! थंड देशांत दिवाणखान्याच्या भिंतीवर गॅसची शेकोटी लावतात, तिथेही पहिला विचार हाच असतो. ब्रिटनमध्ये तर गॅसच्या जोडणीचं काम व्यवसाय म्हणून करणाऱ्याची नोंदणी असावीच लागते.

तेव्हा गिझर घेताना आधी भिंत निवडा, मग यंत्र. आम्ही तो न्हाणीबाहेर, मागच्या उघड्या ओट्याच्या भिंतीवर बसवला. वर पावसासाठी छोटं छज्जं केलं आणि गरम पाण्याचा पाइप तेवढा आत घेतला. नळजोडणीला आलेला माझा जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, पाइपाचा खर्च वाढेल." मी म्हटलं, "वाढू दे."

आधीच आत बसवलेला असेल, तर तो बाहेर हलवणंच उत्तम. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गिझर बंद करा आणि मगच आंघोळीला जा. नुसत्या पंख्यावर विसंबू नका. सिलिंडर न्हाणीत कधीच ठेवू नका. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खालीच साचतो. विकत घेताना आयएसआय खूण पाहा, ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होतो ना, हे दुकानदाराला करून दाखवायला सांगा. आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्याने आतली नळी चोंदते, म्हणून वर्षातून एकदा साफसफाई करून घ्या. ज्योत निळी हवी. ती पिवळी दिसू लागली, तर वापर थांबवा.

मोकळी भिंतच नसेल, तर विजेचा किंवा छतावरचा सौर बंब बरा. ऊन तर आपल्याकडे भरपूर आहे.

आणि कुणाला न्हाणीत भोवळ आलीच, तर आधी दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा आणि सरळ दवाखाना गाठा. तिथे गेल्यावर गिझरचं सांगायला विसरू नका. आमच्या भाच्याच्या वेळी ते आम्हाला सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, म्हणून तो आज आमच्यात आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)