अंधाऱ्या कोपऱ्यापाशी

श्रोतेहो, जुनी वास्तू म्हटली की आपल्याकडे तिथं एक भुयार असायलाच हवं! कडेगावचा माणूस देवराष्ट्र्याजवळच्या सागरेश्वराच्या जुन्या देवळांत जावो, पन्हाळगडावर जावो, नाहीतर पुण्याला शनिवारवाडा पाहायला जावो. दरवाजे, कमानी, नक्षी हे सारं भराभर पाहून होतं आणि पाय थबकतात ते एखाद्या काळोख्या कोपऱ्यापाशी. ‘हे कुठं निघतं हो?’ हा पहिला प्रश्न. हे कुतूहल चांगलंच आहे. पण ‘कुठं निघतं’ याच्या जोडीला ‘कशासाठी केलं’ हेही विचारावं. मग दगड खरे बोलू लागतात.

पन्हाळ्याची अंधारबाव घ्या. बाहेरून एखादी साधी इमारत वाटावी. आत उतरावं तर मजल्याखाली मजला. असे तीन मजले, आणि अगदी तळाला विहीर. मधल्या मजल्यावरून तटाबाहेर पडायची चोरवाट. ‘शिवाजी महाराज इथूनच निसटले का?’ असं येणारा-जाणारा विचारतो. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज बाहेर पडले, ती वाट राजदिंडीची मानली जाते. मग ही बाव कशासाठी? तर पाण्यासाठी! गडाला वेढा पडला की दाणागोटा पुरवून खाता येतो. पाणी मात्र नासलं, त्यात कुणी विष कालवलं, की तट कितीही उंच असो, गड गेलाच. म्हणून पाणी असं घरात कोंडून ठेवलं आणि त्यावर पहारा बसवला. अंधार हा तिथं पाण्याचा राखणदार आहे.

दुसरा कोपरा पुण्याचा. शनिवारवाड्याला पाच दरवाजे. त्यातला एक नारायण दरवाजा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी वाड्यातच खून केला. वय अवघं अठरा. त्यांचं प्रेत या दरवाजानं बाहेर नेलं, असं सांगतात. रात्री ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते का, हे विचारायला लोक लांबून येतात. आतला वाडा तर २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगीत जळाला. उरली ती जोती. आणि ‘ध’चा ‘मा’ कुणी केला, हे पोराटोरांनाही पाठ असतं. पण त्या हाकेला उत्तर कुणी दिलं, हे कितीजण विचारतात?

उत्तर दिलं रामशास्त्री प्रभुण्यांनी. हे आपल्या साताऱ्याजवळच्या माहुलीचे. खुनाची चौकशी करून त्यांनी खुद्द राघोबादादांना दोषी ठरवलं, देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं. गादीवर बसलेल्या माणसाला तोंडावर न्याय ऐकवणारा एक माणूस त्याच शहरात होता. भुताच्या गोष्टीत तो सापडत नाही, म्हणून ती गोष्ट अर्धीच राहते.

तिसरी गोष्ट जरा कडू आहे. कोपरा अंधारा दिसला की काहींना गुप्तधन दिसतं. मग अमावास्या गाठून पहार चालते. फरशी उखडते, मूर्ती भंगते, शिलालेखाचा चिरा फुटतो. हाती बहुधा मातीच येते. शिवाय दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवलं पाहिजे, असा १८७८ चा कायदा आहे. म्हणजे चोरून काढलेलं पचतही नाही. गेलेला चिरा मात्र परत बसत नाही. खरं धन तोच होता. त्यावर कुणाचं नाव होतं, कोणता शक होता, ते आता कुणालाच कळायचं नाही.

तेव्हा मंडळी, पुढच्या सहलीला बॅटरी जरूर न्या, पहार नको. मुलांना त्या कोपऱ्याशी उभं करून विचारा : इथं पाणी कुठून येत असेल? वारा कुठून? पहारा कुणाचा असेल? मुलं अंदाज करतील, भांडतील, पुन्हा वाकून पाहतील. भुयार नदीपर्यंत जावो न जावो. ती मुलं मात्र तीनशे वर्षं मागं जाऊन सुखरूप परत येतील.