पित्त उठते तेव्हा



सुंगटाची कढी खाऊन मुलाच्या अंगावर गांधी उठल्या की आपण म्हणतो, पित्त उठले. आणि आमसुलाचे पाणी चोळतो. पण या गांधींचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नाही. हे काम मास्ट पेशींचे. पॉल एर्लिख या जर्मन विद्यार्थ्याने १८७८ साली त्यांना हे नाव दिले. दाण्यांनी गच्च भरलेल्या या पेशी त्याला खाऊन पुष्ट झाल्यासारख्या वाटल्या! त्या दाण्यांत हिस्टामीन साठलेले असते.

मास्ट पेशींचे मूळ हाडांच्या मगजात. पण रक्तातून त्या अपक्वच निघतात आणि जेथे मुक्काम करतात तेथे पक्व होतात. त्वचेतल्या मास्ट पेशींत ट्रिप्टेज व कायमेज ही दोन्ही विकरे सापडतात, फुप्फुसातल्या बहुतेकींत केवळ ट्रिप्टेज. त्यांना जगवणारे प्रथिन भोवतालच्या ऊती पुरवतात. ते स्वीकारण्याची सोय 'किट' नावाचे जनुक करते. आईबापांना दमा असेल तर मुलाला ॲलर्जीचा संभव वाढतो, पण ती होईलच असे नाही.

कोळंबीतले मुख्य दोषी प्रथिन ट्रोपोमायोसिन, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसह १९९३ साली दाखवले. ते शिजवूनही टिकते. तेव्हा "थोडे थोडे खा, सवय होईल" हा प्रयोग घरी नको. त्वचेतल्या पेशी बिथरल्या तर खाज सुटते. श्वासमार्गातल्या बिथरल्या तर जीवावर बेतते. आवाज बसला, धाप लागली, भोवळ आली, तर आमसुले शोधू नका. तडक दवाखाना गाठा, आणि मुलाने काय खाल्ले ते डॉक्टरांना आधी सांगा; ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन वेळेत मिळायला हवे.