अनुमान कृत्यावरून हवे, जन्मावरून नव्हे

(सातारा-सांगलीतील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



घटनास्थळाच्या खुणांवरून अज्ञात गुन्हेगाराचे वर्णनचित्र तयार करण्याचे शिक्षण पोलिसांना द्यावे, असे म्हटले जाते. अमेरिकेच्या एफबीआयने 1972 मध्ये वर्तनशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. आपल्या तुरचीच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातही हे शास्त्र शिकवावे. त्यास आपला विरोध नाही. प्रश्न एवढाच की, चित्र कशावरून काढावयाचे?

आपल्याकडे एक चित्र पूर्वीच काढून ठेवलेले आहे. मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याने 1908 मध्ये मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर पुस्तक लिहिले. रामोशी, बेरड, कैकाडी, पारधी यांचा वेश, बोली व गुन्ह्यांच्या रीती त्यात जातवार नोंदविल्या. काहींचे कृत्य साऱ्या जमातीचा स्वभाव ठरले. गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. मनातले चित्र मात्र पुसले गेले नाही.

त्याची किंमत दोन्हीकडून मोजावी लागते. सप्टेंबर 2022 मध्ये जत तालुक्यातील लवंगा येथे चार साधूंना मुले पळविणारे समजून जमावाने मारले. पुरावा कोणता? परका वेश! उलट वाईकडे ‘डॉक्टर’ म्हणून वावरणाऱ्या एका माणसावर 2003 ते 2016 या काळात सहा खून केल्याचा आरोप झाला. धोम येथे पुरलेले मृतदेह निघाले ते ऑगस्ट 2016 मध्ये. दोष ठरविणे न्यायालयाचे काम आहे. परंतु प्रतिष्ठा पाहून शंका टाळणे हे जात पाहून शंका घेण्याइतकेच अशास्त्रीय होय.

म्हणून शिकवावयाचे ते हे: स्थळ, वेळ, हत्यार, बळीशी असलेली ओळख यांवरून तर्क करावा, तर्क आणि पुरावा वेगळे लिहावेत, निकालानंतर आपले चित्र कोठे चुकले ते तपासावे. असे चित्र शोधाची दिशा दाखविते, अपराध सिद्ध करीत नाही.

मागास जातिजमातींतील निरपराधांच्या नावे यांत्रिकपणे हिस्ट्री शीट उघडली जाऊ नये, याची दक्षता घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने 7 मे 2024 रोजी सांगितले आहे. पालावरचा तरुण चौकीवर नेला जाईल तेव्हा आपण तेथे उभे राहून शांतपणे एकच प्रश्न विचारावा: याच्या कोणत्या कृत्याचा पुरावा तुमच्यापाशी आहे?