राजा घरी का नाही गेला?



दोनशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला एकत्र शिकवणाऱ्या बाईला तुम्ही या शिक्षक अधिवेशनाचं अध्यक्षपद दिलंत. मला बोलायचंय तेही माझ्या वर्गातलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलांना घेऊन थिबा पॅलेस बघायला गेले होते. सांगायचं ते सगळं सांगितलं. १८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाची राजधानी मंडाले घेतलं, तिथल्या थिबा राजाला राणी आणि मुलींसह दुसऱ्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं, १९१० साली तो या वाड्यात राहायला आला आणि १९१६ साली इथेच वारला. तिसरीतली एक मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, मग एवढी वर्षं तो घरी का नाही गेला? बोट नव्हती?"

म्हटलं, "बोट होती गं. जाऊ देत नव्हते."

"पण राजा तर तोच होता ना?"

मला चटकन उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन नावं लिहिली, रत्नागिरी आणि मंडाले. टिळक १८५६ साली आपल्या रत्नागिरीत जन्मले आणि १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते. त्याच सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत अडकून पडला होता. त्याच्याही आधी दिल्लीच्या बादशहाला, बहादूरशहा जफरला, ब्रह्मदेशातच रंगूनला नेलं होतं, तो १८६२ साली तिथेच वारला. मुलांनी नकाशावर बाण काढले, एक जाणारा, एक येणारा. चौथीतला एक जण म्हणाला, "म्हणजे त्यांची माणसं त्यांना भेटू नयेत म्हणून." साम्राज्य कसं चालतं हे नऊ वर्षांच्या पोराने एका वाक्यात सांगितलं. माझ्या डी.एड.च्या पुस्तकात ते असं कुठे नव्हतं.

चौथीत आपण शिवछत्रपती शिकवतो, ते जीव ओतून शिकवायलाच हवं. पण इंग्रजांचा काळ मुलाला नीट भेटतो तो थेट आठवीत, आणि तोही दूरच्या गावांचा. तोपर्यंत त्याला वाटत असतं की आपल्या गावात काही घडलंच नाही. तेच मूल ज्या घरात झोपतं त्या घरातला एक तरी माणूस मुंबईला असतो. 'चाकरमानी' हा शब्द त्याला बालवाडीच्या आधीपासून येतो. चाकरमानी का गेले, असं विचारा. सगळा वर्ग एका सुरात सांगतो, "पोटासाठी." आपण "शाब्बास" म्हणतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की धडा खरा तिथून सुरू होतो. पोट इथे का भरत नव्हतं?

मी मुलांना घरातली मुंबईची एक वस्तू आणायला सांगितली. एकाने पत्र्याची ट्रंक आणली. झाकणावर पांढऱ्या रंगात आजोबांचं नाव, खाली 'लालबाग'. आत गिरणीचा बिल्ला होता आणि आजीने दोऱ्यात ओवून ठेवलेली मनीऑर्डरची कुपनं. त्यावर दोन दोन ओळी मजकूर. एकावर होतं, 'रु. ४० पाठवले. पावसाआधी घर शाकारून घ्या.' मुलांनी कुपनं मोजली, पैशांची बेरीज केली, महिने जुळवले. मध्येच एका जागी कुपनं थांबली होती. घरी विचारून आलेला मुलगा सांगू लागला, "तेव्हा संप झाला, आजोबा घरी आले." तो १९८२चा गिरणी संप. त्या दिवशी मला काही शिकवावं लागलं नाही.

पण 'का' विचारलं की अवघड जागाही येते. आपल्या जिल्ह्यात त्या जागेचं नाव खोती. जमीन कसायची कुळाने आणि पिकाचा मोठा वाटा जायचा खोताच्या घरी, वर वेठ वेगळीच. खोती इंग्रजांच्या आधीपासून होती, त्यांनी ती मोडली नाही, आपल्या महसुलाच्या सोयीने चालू ठेवली. १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. १९३८च्या जानेवारीत कोकणातले शेतकरी मुंबईत कौन्सिलवर मोर्चा घेऊन गेले. कायदा व्हायला १९४९ उजाडलं. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे इथलंच, मंडणगड तालुक्यातलं. त्यांचा जन्म मात्र महूचा, कारण वडील पलटणीत होते. हेही एक स्थलांतरच, आणि तेही इंग्रजांच्या काळाने घडवलेलं.

माझ्या वर्गात खोतांची पणतवंडं आहेत आणि कुळांचीही, एकाच बाकावर. एक पालक शाळेत येऊन म्हणाले, "बाई, जुनं कशाला उकरता?" त्यांचा राग मला कळला. मी सांगितलं, कोणत्याही घराचं नाव मी वर्गात घेत नाही. पण ही गोष्ट मुलं घरी अर्धी ऐकतातच, एका घरात एक अर्धी, दुसऱ्या घरात दुसरी. शाळेत ती पूर्ण व्हायला हवी. तसंच बाणकोटचं. तो किल्ला इंग्रजांच्या हाती कायमचा गेला तो १७५६च्या तहाने, आणि तह पेशव्यांनी केला होता, आंग्र्यांविरुद्ध मिळालेल्या मदतीपोटी. 'ते आले आणि त्यांनी घेतलं' एवढ्यावर मुलांची समजूत घालू नका. त्यांना ऐकवतं, आपल्यालाच सांगवत नाही.

जाणारे सगळे मुंबईतच थांबले नाहीत. इंग्रजांच्याच काळात मुंबई बंदरातून मराठी माणसं करारावर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत गेली. पोर्ट लुईच्या ज्या घाटाच्या पायऱ्या करारबद्ध मजूर चढले, तो आता जागतिक वारसा आहे. तिथल्या प्राथमिक शाळांत आजही मराठी शिकता येतं.

आता जे येतात त्यांच्याविषयी. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्यांची मुलं अर्ध्या वर्षात दाखल होतात आणि हंगाम संपला की जातात. माझ्याकडे असाच एक मुलगा चौथीत होता. मुलं त्याला नावाने हाक मारत नसत, 'बहादूर' म्हणत. मी ते ऐकत होते आणि बरेच दिवस काही बोलले नाही. ही माझी चूक. ट्रंकेच्या धड्याच्या दिवशी तो आपणहून उभा राहिला. म्हणाला, "आमच्या गावात पण असंच आहे. सगळी बाहेर. घरी फक्त म्हातारी माणसं." वर्ग शांत झाला, कारण तो त्यांच्याच वाडीचं वर्णन करत होता. मधल्या सुट्टीत ट्रंकवाल्या मुलाने त्याला विचारलं, "तुझे बाबा मनीऑर्डर करतात की मोबाइलवरनं?"

सरकारकडे नवं पुस्तक मागायला मी इथे उभी नाही. तिसरीच्या परिसर अभ्यासावर आपल्या जिल्ह्याचं नाव छापलेलं असतं, तेवढी जागा आपल्याला पुरे आहे. येत्या जूनपासून प्रत्येक शाळेने एक वही घालावी. गावातून कोण गेलं, गावात कोण आलं, आणि का. मुलांनी विचारायचं, मुलांनी लिहायचं, आपण फक्त सन-साल तपासायचं.

आमच्या शाळेची वही मी बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे, चहाच्या वेळी चाळा. तिचं शेवटचं पान नेपाळीत आहे. त्या मुलाच्या वडिलांनी जायच्या आदल्या दिवशी शाळेत बसून लिहून दिलं. लिपी देवनागरीच आहे. सावकाश वाचलंत तर बरंचसं कळतं.