प्लॅटिनमची औषधे आणि रेणूंचे डावे-उजवेपण



सुरतेच्या कापडधंद्यात धाग्याला पीळ देणे हे एक स्वतंत्र काम आहे. पीळ उजवा असतो किंवा डावा. जॉर्जेटसाठी दोन्ही प्रकारचे धागे ठरावीक क्रमाने विणावे लागतात; दिशा चुकली की कापडाचा पोत बिघडतो. कर्करोगावरील काही औषधांतही असाच दिशेचा प्रश्न निर्माण होतो.

१९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांना प्लॅटिनमच्या संयुगांमुळे जीवाणूंचे विभाजन थांबत असल्याचे आढळले. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध हाती आले व १९७८ मध्ये त्यास तेथे मान्यता मिळाली. पेशीत शिरल्यावर त्यातील प्लॅटिनम डीएनएच्या शेजारशेजारच्या दोन ग्वानीन घटकांना जखडतो. त्यामुळे डीएनएची दुहेरी साखळी वाकते, तिची प्रत निघणे अवघड होते व पेशी मरते. त्याच अणूंची मांडणी बदलून बनणारे ट्रान्सप्लॅटिन मात्र औषध म्हणून निरुपयोगी ठरले.

सिस्प्लॅटिन व त्याचे आरशातील प्रतिबिंब यांत फरक नसतो. ऑक्झॅलिप्लॅटिनचे तसे नाही. जपानमधील नागोया येथे योशिनोरी किदानी यांनी १९७६ च्या सुमारास शोधलेल्या या संयुगात प्लॅटिनमला एक कडीदार घटक जोडलेला असतो. डाव्या व उजव्या हातांप्रमाणे त्याची दोन रूपे संभवतात. ती एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. औषधात 'आर-आर' रूपच वापरतात. डीएनएचा पीळही उजवा असल्याने दोन्ही रूपे त्यात सारखी बसत नाहीत. २००१ मध्ये लिपर्ड व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या स्फटिकरचनेत 'आर-आर' रूपाचा नायट्रोजनवरील हायड्रोजन ग्वानीनच्या ऑक्सिजनशी बंध साधताना दिसला. 'एस-एस' रूपात हा हायड्रोजन दुसरीकडे वळलेला असतो. म्हणूनच औषधनिर्मितीत 'एस-एस' रूपाची भेसळ काटेकोरपणे तपासली जाते.

आतड्याच्या कर्करोगावर हे औषध मोठ्या प्रमाणावर दिले जाते. ते मिठाच्या द्रावणात मिसळावयाचे नसते; ग्लुकोजच्या द्रावणातूनच द्यावयाचे असते. थंड पाण्याच्या वा हवेच्या स्पर्शाने हातापायांना मुंग्या येणे, हा त्याचा नेहमीचा उपद्रव होय. रुग्णाने तो अंगावर न काढता डॉक्टरांना वेळीच सांगावा. मात्रा कमी करून मज्जातंतूंची कायमची हानी पुष्कळदा टाळता येते.